स्प्रिंग एअर रायफल: अचूकता कुठे हरवते आणि स्कोप जागेवर कसा राहील?

मळेकरी_मखमलाबाद

सर्वांना नमस्कार. नाशिकला मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. घरामागे पंचवीस मीटरची सपाट पट्टी असून तिच्या टोकाला शेततळ्याचा उंच मातीचा भराव आहे. त्या भरावासमोर कागदी लक्ष्य लावून सराव करावा, एवढ्याच हेतूने मी ४.५ मिमी व्यासाची, नळी वाकवून ताणायची स्प्रिंग एअर रायफल घेतली. दुकानदाराने तिच्यासोबत ४×३२ चा (चौपट मोठे दाखवणारा, ३२ मिमी भिंगाचा) स्कोप आणि तो धरून ठेवणाऱ्या दोन सुट्या रिंगा दिल्या.

अडचण अशी आहे की उघड्या साईटने (रायफलीवरच्या साध्या नेमखुणांनी) दहा मीटरवर पाच छर्रे पंधरा मिलिमीटरच्या आत बसतात. स्कोप लावला की सुरुवातीचे छर्रे त्याहूनही जवळ बसतात, परंतु नंतर ग्रुप, म्हणजे छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, हळूहळू सरकू लागतो, कधी सरळ वर, कधी तिरपा. स्कोपच्या घुंडीचे क्लिक फिरवून तो जागेवर आणला तरी पुढच्या सरावाला तो तिसरीकडेच असतो. छर्रे खाली लागत असल्यामुळे उंचीची घुंडी मी जवळजवळ शेवटापर्यंत वर नेलेली आहे, हेही सांगून ठेवतो.

दुकानदारांच्या मते स्कोप बाद झाला असून महागाचा घ्यावा. नात्यातल्या एका जाणत्या गृहस्थांचे म्हणणे असे की स्प्रिंगची रायफल अशीच वागते, सरळ पीसीपी (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घ्यावी. खर्च दोन्हींत आहे, म्हणून आधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

टूलरूम_सातपूर

दोन्ही खर्च तूर्त थांबवा. उघड्या साईटने ग्रुप व्यवस्थित बसतो, याचा अर्थ नळी, नळीचा सांधा, छर्रा आणि तुमचा हात या चारही गोष्टी ठीक आहेत. बिघाड असलाच तर तो रेलच्या (स्कोप बसवायच्या पट्टीच्या) वर आहे, आणि त्यातही स्कोपच्या काचांत असण्यापेक्षा तो धरून ठेवणाऱ्या भागांत असण्याची शक्यता अधिक आहे.

कारण समजून घेतले की तपासणी सोपी होते. चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे झेपावतो, त्यामुळे रायफल आधी मागे येते; आणि दट्ट्या समोरच्या दाबलेल्या हवेवर जाऊन थांबतो, त्या क्षणी तीच रायफल झटक्याने पुढे जाते. हा दुसरा झटका स्कोपला नडतो. खालून रायफल पुढे निसटते, स्कोप आपल्या वजनामुळे जागच्या जागी राहू पाहतो, आणि असे शेकडो वेळा झाले की तो रिंगांमध्ये, किंवा रिंगांसकट रेलवर, मागे सरकतो. एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठी बनवलेले, बंदुकीवर उत्तम चालणारे स्कोपसुद्धा स्प्रिंग रायफलीवर आतून सैल होतात ते याच उलट्या झटक्यामुळे. म्हणून स्कोप घेताना तो स्प्रिंग एअर रायफलीसाठी आहे असे निर्मात्याने स्पष्ट लिहिले आहे का, हे पाहावे. किंमत त्यानंतर पाहावी.

आता तपासणीचा क्रम सांगतो. सर्वांत आधी दस्त्याचे स्क्रू पाहा, म्हणजे पुढच्या भागाच्या दोन्ही बाजूंचे आणि चापाच्या कड्याजवळचे. हे स्क्रू ढिले होणे हे स्प्रिंग रायफलीचे अगदी नेहमीचे दुखणे असून, ते ढिले असताना कोणताही स्कोप लावला तरी ग्रुप फुटणारच. त्यानंतर दोन्ही रिंगांच्या मागच्या कडेला, स्कोपच्या नळीवर आणि रेलवर, पेन्सिलीने बारीक रेघ ओढा, वीस-तीस छर्रे सोडा आणि रेघ पाहा. रेघ आणि रिंग यांच्यात फट दिसली, किंवा रेलवरची रेघ रिंगेखाली गेली, की निदान पक्के झाले.

स्कोप सरकत असेल तर रिंगा उतरवून रेल, रिंगांची आतली बाजू आणि स्कोपची नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. कारखान्यातून येणारा तेलाचा पातळ थर तसाच राहिला, तर स्क्रू कितीही आवळले तरी पकड येत नाही. रेल डव्हटेल पद्धतीची (कडा खाली आत वळलेली), साधारण ११ मिमी रुंदीची असेल, तर रिंगाही त्याच मापाच्या आहेत ना, ते पाहा. वीव्हर किंवा पिकाटिनी या अधिक रुंद, आडव्या खाचांच्या रेलसाठी बनवलेल्या रिंगा तिच्यावर बसत नाहीत. रेलच्या मागच्या बाजूला एखादे लहान उभे भोक दिसते का, तेही पाहा. ते अटकाव पिनेसाठी असते. ज्या माउंटला खालून अशी पिन आहे ते एकसंध माउंट (दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात असलेले) घ्या आणि पिन त्या भोकात उतरवा. मग स्कोपचा मार केवळ पकडीवर राहत नाही, धातूला धातू अडतो. माझ्या मते स्प्रिंग रायफलीवर सुट्या दोन रिंगांपेक्षा हे एकसंध माउंट केव्हाही चांगले.

रिंगांच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू कर्णरेषेने, थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे पाहावे. निर्मात्याने वेगळा आकडा दिला नसेल तर १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्कचा पाना नसेल तर एलन कीची लांब भुजा हातात धरू नये. आखूड भुजा अंगठा आणि दोन बोटांत धरून जेवढी फिरेल तेवढीच फिरवावी. अधिक जोर लावल्यास स्कोपची नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. स्कोप बाद होण्याचे ते कारण मी अनेकांच्या रायफलीवर पाहिले आहे.

उंचीच्या घुंडीबद्दल तुम्ही जे लिहिले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून त्यावर स्वतंत्रपणे लिहितो.

टूलरूम_सातपूर

नळी वाकवून ताणायच्या बऱ्याच रायफलींत बंद झालेली नळी रिसीव्हरच्या (नळीमागच्या मुख्य धडाच्या) रेलशी अगदी समांतर राहत नाही. तिचे तोंड किंचित खाली झुकलेले असते. उघडी साईट नळीवरच असल्याने तिला हा झुकाव जाणवत नाही, परंतु रेलवरच्या स्कोपला जाणवतो आणि छर्रे खाली लागतात. मग आपण उंचीची घुंडी वर वर नेत राहतो. स्कोपच्या आत क्रॉस-रेषा धरणारी एक छोटी नळी असते. तिला एका बाजूने घुंडीचा स्क्रू दाबतो आणि दुसऱ्या बाजूने एक स्प्रिंग रेटून धरते. घुंडी वरच्या टोकाला गेली की स्क्रू मागे हटतो, स्प्रिंग पसरते आणि तिचा जोर ओसरतो. त्यानंतर प्रत्येक झटक्याला आतली नळी थोडी हलते व नेहमी त्याच जागी परत येतेच असे नाही. स्कोप बाहेरून घट्ट असूनही झीरो (नेम धरला तिथेच छर्रा लागावा अशी जुळवणी) भटकते, ते यामुळे.

उपाय असा की आधी दोन्ही घुंड्या मध्यावर आणाव्यात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे क्लिक मोजून निम्मे परत फिरवले की झाले. मग लागणारा कोन घुंडीऐवजी माउंटमधून द्यावा, म्हणजे मागच्या रिंगेत स्कोपखाली शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालावी. हिशेब सोपा आहे: दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर मागे ०.१ मिमीची शिम घातल्याने छर्रा दहा मीटरवर १० मिमी आणि पंचवीस मीटरवर २५ मिमी वर चढतो. कोनाच्या पाव मिनिटाच्या क्लिकचा स्कोप असेल तर दहा मीटरवर एक क्लिक म्हणजे सुमारे ०.७३ मिमी, म्हणजे त्या एका शिमेने घुंडीचे चौदा क्लिक वाचतात. मात्र ०.३ मिमीच्या पुढे शिमा रचत जाऊ नये, कारण मग रिंगा स्कोपच्या नळीला वाकवू लागतात. त्याहून अधिक झुकाव असल्यास मागून उंच असलेले किंवा कोन बदलता येणारे माउंटच घ्यावे.

देवळाली_निवृत्त

सातपूरकरांनी यंत्राची बाजू नेमकी मांडली आहे. धरण्याच्या बाजूची भर घालतो, कारण स्प्रिंग रायफल हातातल्या फरकाला फार संवेदनशील असते आणि तो फरकही पुष्कळदा स्कोपच्या माथी मारला जातो.

छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हलायला लागलेली असते. त्यामुळे तिला हलूच द्यायचे नाही असा प्रयत्न फसतो. ती प्रत्येक वेळी सारखीच हलेल अशी व्यवस्था करावी लागते. दस्त्याचा पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवावा, बोटांनी आवळू नये. तळहाताची जागा प्रत्येक वेळी तीच असावी. दस्त्यावर चिकटपट्टीची बारीक खूण केली तरी पुरे. खांद्याला हलका स्पर्श, गाल दस्त्यावर नेहमीच्याच ठिकाणी, आणि चाप सुटल्यावरही क्षणभर नजर क्रॉस-रेषेवरच. वाळूच्या पिशवीवर टेकायचे असेल तर पिशवी आणि रायफल यांच्यामध्ये हात ठेवावा. टणक टेकूवर थेट ठेवलेली स्प्रिंग रायफल उसळते आणि छर्रे भलतीकडे जातात.

शिवाय पाच छर्र्यांच्या एका चांगल्या ग्रुपवरून काहीच ठरवू नये. दहा छर्रे सोडावेत, सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरील कडांमधले अंतर मोजावे आणि त्यातून ४.५ मिमी वजा करावेत. बरी-वाईट रायफल यातूनच कळते.

कॉलेजरोड_१२

मी अजून काहीच घेतलेले नाही. मला पंचवीस मीटरपर्यंत कागदावर अचूक नेम हवा आहे. एका जाहिरातीत १००० फूट प्रतिसेकंद, दुसरीत १२५० असे आकडे आहेत. जास्त वेगाची घ्यावी का? स्प्रिंग, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी) आणि पीसीपी यांपैकी काय निवडावे?

टूलरूम_सातपूर

वेगाचा आकडा पाहून रायफल निवडू नका. असे आकडे बहुधा अतिशय हलक्या छर्र्यांवर काढलेले असतात आणि त्या छर्र्यांनी ग्रुप क्वचितच बसतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंत व्यास आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. खरेदीच्या वेळी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा. आता १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर प्रतिसेकंद धरले, तर २० जूलच्या आत राहायला छर्रा ०.४३ ग्रॅमपेक्षा हलका असावा लागतो. पंचवीस मीटरसाठी चांगला मानला जाणारा गोल डोक्याचा छर्रा ०.५५ ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो २० जूलमध्ये २७० मीटर प्रतिसेकंदाच्या वर जाऊच शकत नाही. जाऊही नये, कारण आवाजाचा वेग २० अंश तापमानाला ३४३ मीटर प्रतिसेकंद असतो आणि त्याच्या जवळ गेल्यावर कंबर असलेला छर्रा डगमगतो. दहा मीटरच्या स्पर्धेच्या रायफली तर १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंदावर चालतात आणि जगातले सर्वांत अचूक ग्रुप त्यांचेच असतात.

दुकानात हे पाहावे. नळी ताणलेल्या स्थितीत, एका हाताने ती घट्ट धरून, सांध्यात आडवा खुळखुळा आहे का ते तपासावे. बोटे सांध्यात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि छर्रा न भरता रायफल उडवू नये. चाप कुठे सुटणार ते बोटाला आधी कळले पाहिजे, आणि दोन वेळा सारखेच कळले पाहिजे. जड चापापेक्षा अनिश्चित चाप अधिक वाईट. नळी स्थिर असलेली, खालच्या दांड्याने ताणायची स्प्रिंग रायफल परवडत असेल तर नळीच्या झुकावाची कटकट मुळातच राहत नाही. परदेशी बनावटीत वायराउखची एचडब्ल्यू ९७ आणि एअर आर्म्सची टीएक्स २०० या त्याच घडणीच्या आहेत. आपल्याकडे प्रिसिहोलसारखे भारतीय निर्माते स्प्रिंग आणि पीसीपी दोन्ही बनवतात आणि सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने ते मला सोयीचे वाटते.

सीओटू मी नाशिकसाठी सुचवणार नाही. त्या वायूचा दाब तापमानावर अवलंबून असतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, शून्याला जवळपास ३५ बार. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी तिशीजवळ पोचतो. एकाच दिवसात छर्र्याची उंची बदलत राहील. पीसीपीला झटका जवळजवळ नसतो, स्कोप सरकण्याचा प्रश्नही उरत नाही, म्हणून निव्वळ अचूकतेत तीच सरस आहे. परंतु तिच्यासोबत २०० बार किंवा त्याहून अधिक दाब देणारा हातपंप आणि सीलची देखभाल येते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने टाकीत ओल जाऊ नये म्हणून पंपाला हवा कोरडी करणारी गाळणी बसवावी लागते. हे करायची तयारी असेल तर अवश्य घ्या.

एवढे मात्र नक्की करा की रायफलीवर सगळे पैसे संपवू नका. दोन-तीन वेगवेगळ्या छर्र्यांचे डबे घ्या. डोक्याचे माप ४.५०, ४.५१, ४.५२ असे बदलते, आणि कोणते माप तुमच्या नळीला मानवते ते दहा-दहा छर्र्यांचे ग्रुप मारूनच कळते.

इंदिरानगर_पालक

मुलगी आठवीत आहे आणि दहा मीटर एअर रायफल शिकू इच्छिते. तिच्यासाठी स्कोपसह रायफल घेतली तर ती पुढे स्पर्धेला चालेल का?

देवळाली_निवृत्त

ताई, नाही चालणार. दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात स्कोपला परवानगीच नाही. पुढे गोल साईट आणि मागे बारीक छिद्राची पीप साईट असते, तिच्यात कोणतेही भिंग नसते. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. लक्ष्याचा दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, नऊचे वर्तुळ ५.५ मिमीचे, आणि रायफलीचे वजन ५.५ किलोच्या आत असावे लागते.

स्कोपची सवय आधी लागली तर पीपमधून एकसमान वर्तुळ पाहण्याची शिस्त लावताना अडथळा येतो. म्हणून मुलीला आधी एखाद्या मान्यताप्राप्त क्लबमध्ये पाठवावे, तिथल्या रायफलीवर काही महिने तिची उभी स्थिती पक्की होऊ द्यावी, आणि दस्त्याची लांबी, गालपट्टी व वजन तिच्या अंगाला कसे हवे हे प्रशिक्षकांनी सांगितल्यावरच खरेदी करावी. वाढत्या वयात ही मापे बदलतात, त्यामुळे सगळे भाग मागेपुढे करता येणारी रायफलच उपयोगी पडेल.

पाणथळ_निफाड

विषय सोडून लिहीत नाही, परंतु मखमलाबादच्या मळ्याचा उल्लेख आला म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. द्राक्षाच्या हंगामात पाखरे हाकलायला एअर रायफल वापरणारे लोक आपल्या भागात आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित पक्ष्यांना मारणे हा गुन्हा आहे, रायफलीला परवाना लागत नसला तरीही. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळालेला आहे. तिथले पक्षी आसपासच्या शेतांतही उतरतात. बागेसाठी जाळी हाच योग्य मार्ग आहे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. हवेत सुटलेला छर्रा तीनशे मीटरच्या पुढेही जाऊ शकतो. मातीचा भराव चांगलाच. पण भरावात दगड असतील तर छर्रा उलटा येतो. लक्ष्यामागे जुन्या कपड्यांच्या घट्ट चिंध्यांनी भरलेली लाकडी पेटी ठेवावी, डोळ्यांना चष्मा असावा, आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

मळेकरी_मखमलाबाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच तपासले. दस्त्याच्या पुढच्या भागाचा उजवा स्क्रू अर्धा फेरा ढिला निघाला. रिंगा उघडल्यावर स्कोपच्या काळ्या नळीवर मागच्या रिंगेमागे नखाएवढ्या रुंदीचा चकचकीत पट्टा दिसला; रंग घासून खालचे ॲल्युमिनियम उघडे पडले होते, म्हणजे स्कोप तेवढा मागे गेला होता. रेलवर अटकाव पिनेचे भोक होते आणि ते आतापर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते.

आता पिनेचे एकसंध माउंट बसवले आहे, सर्व काही अल्कोहोलने पुसून घेतले आहे आणि मागच्या बाजूला ०.२ मिमीची शिम घातली आहे. उंचीची घुंडी मध्यापासून थोडीच वर आहे. दहा मीटरवर दहा छर्रे बारा मिलिमीटरमध्ये बसतात आणि पेन्सिलीची रेघ हललेली नाही.

आणखी दोन शंका आहेत. पंचवीस मीटरला ग्रुप अपेक्षेपेक्षा मोठा होतो आणि तोही कधी डावीकडे, कधी उजवीकडे पसरतो. शिवाय दहा मीटरला झीरो ठेवावे की पंचवीसला?

टूलरूम_सातपूर

रेघ हललेली नाही, म्हणजे मुख्य काम झाले. तरीही पुढचे शंभर-दीडशे छर्रे होईपर्यंत दस्त्याचे आणि माउंटचे स्क्रू मधूनमधून पाहत राहा. माउंटच्या स्क्रूंना मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब चालेल. पक्क्या ताकदीचा लावू नका, पुढे उघडताना स्क्रूचे डोके जाईल.

आडव्या पसरण्याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण पॅरॅलॅक्स. बंदुकीसाठीचे बरेच साधे स्कोप १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला जुळवलेले असतात. त्यांतून दहा-पंचवीस मीटरवर पाहताना डोळा मध्यापासून जरासा ढळला की क्रॉस-रेषा लक्ष्यावर सरकलेली दिसते, आणि त्यातून सेंटिमीटरभर चूक सहज होते. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात न लावता डोके डावी-उजवीकडे हलवून पाहा. क्रॉस-रेषा लक्ष्यावरून फिरत असेल तर हेच कारण आहे. तात्पुरता उपाय म्हणजे डोळा अशा जागी ठेवणे की चित्राभोवतीची काळी कडा सर्व बाजूंनी सारखी दिसेल. कायमचा उपाय म्हणजे दहा यार्डांपर्यंत जुळवता येणारे पुढचे भिंग असलेला स्कोप. कधी नवा स्कोप घ्याल तेव्हा मोठ्या आकड्यांपेक्षा ही सोय आधी बघा.

दुसरे कारण रायफलीचा तिरपेपणा. पंचवीस मीटरवर दोरीला ओळंबा टांगा, त्याचा गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे वाऱ्याने हलणार नाही, आणि क्रॉसची उभी रेषा दोरीवर तंतोतंत जुळवा. रायफल खांद्याला सहज लावली असताना रेषा दोरीला तिरपी दिसत असेल तर टोप्या सैल करून स्कोप फिरवा आणि पुन्हा कर्णरेषेने आवळा. तिरपेपणा दहा मीटरला लपतो, अंतर वाढले की दिसतो.

झीरो पंचवीसला ठेवा. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून चार सेंटिमीटर उंच आणि छर्र्याचा वेग २४० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास धरला, तर पंचवीसला झीरो केल्यावर दहा मीटरला छर्रा साधारण एक सेंटिमीटर खाली लागतो. तो फरक कागदावर मोजून ठेवा आणि दहा मीटरला तेवढे वर धरा; रोज घुंडी फिरवू नका.

आता पावसाळा येतोय म्हणून सांगतो. नळीच्या मागच्या तोंडातून किंवा हवेच्या छिद्रातून तेल सोडू नका. दट्ट्यापुढे साधे तेल गेले की ते दाबाने पेटते, धूर आणि मोठा आवाज येतो, वेग प्रत्येक छर्र्याला बदलतो आणि त्या झटक्याने स्कोपही खिळखिळा होतो. बाहेरच्या पोलादावर तेलाचा हलका बोळा फिरवा, रेल आणि रिंगा मात्र कोरड्याच ठेवा. रायफल ताणलेल्या स्थितीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आणि फोमच्या बंद पेटीऐवजी कुलूप असलेल्या कपाटात मोकळ्या हवेत उभी ठेवा. फोम ओल धरतो आणि नळी आठवडाभरात गंजते.